सेंट अँड्र्यूजचा ओल्ड कोर्स: सोडत, वारा, बंकर आणि बाकी सगळं

खारावारा (धागाकर्ता)

स्कॉटलंडला गोल्फसाठी जाणाऱ्यांचे तेच ते प्रश्न चार धाग्यांत विखुरलेत. इथे फक्त सेंट अँड्र्यूजच्या ओल्ड कोर्सबद्दल, आणि शक्यतो कामाचं लिहू या. प्रवासवर्णनांना वेगळा विभाग आहेच.

सुरुवातीलाच एक गैरसमज काढून टाकतो. पहिल्या टीच्या (होलचा पहिला फटका जिथून मारतात त्या जागेच्या) मागे जी करड्या दगडाची भारदस्त इमारत दिसते, तो आर अँड ए (रॉयल अँड एन्शंट) गोल्फ क्लब. स्थापना १७५४, इमारत १८५४ ची. हा क्लब कोर्सचा मालक नाही. जमीन सार्वजनिक आहे आणि १९७४ च्या कायद्यानुसार लिंक्स ट्रस्ट ही संस्था ती सांभाळते. म्हणजे खेळायला कोणाची शिफारस लागत नाही, कोणी सभासद ओळखीचा असावा लागत नाही. अधिकृत हँडिकॅप (तुमच्या खेळाची पातळी सांगणारा आकडा, जितका कमी तितका खेळ चांगला), पैसे आणि नशीब, एवढ्यावर काम होतं. क्लबच्या इमारतीत मात्र पाहुण्यांना प्रवेश नाही, दारात घुटमळू नका.

आता वेळ मिळवायचे मार्ग.

१) रोजची सोडत. म्हाडाच्या सोडतीपेक्षा बरी, कारण निकाल त्याच दिवशी लागतो. खेळायच्या दोन दिवस आधी, तिथल्या दुपारी २ च्या आत नावं द्यायची. किमान दोघं, कमाल चौघं. संध्याकाळी यादी संकेतस्थळावर लागते. रविवारी कोर्स बंद असतो, त्यामुळे रविवारची सोडतच नसते. सोमवारसाठी शनिवारी २ च्या आत नाव जायला हवं. भारतातून अर्ज करणार असाल तर उन्हाळ्यात त्यांचे २ म्हणजे आपले संध्याकाळचे साडेसहा, आणि ऑक्टोबरअखेरीस घड्याळं मागे गेली की साडेसात.

२) एकटे असाल तर सोडतीत नाव देता येत नाही. पूर्वी लोक पहाटे अंधारात स्टार्टरच्या (गटांना वेळेवर खेळायला सोडणाऱ्याच्या) खोपटाबाहेर रांग लावायचे. २०२४ पासून ते बंद झालं. आता आदल्या दिवशी तिथे प्रत्यक्ष जाऊन नाव नोंदवायचं, मग संगणक चिठ्ठ्या काढतो आणि ज्या गटात जागा शिल्लक असेल तिथे तुम्हाला जोडतात.

३) आगाऊ आरक्षण. आदल्या वर्षीच्या उन्हाळ्याच्या शेवटी अर्ज घेतात. चौकडी आधीच पक्की असेल तर हाच राजमार्ग.

४) अधिकृत सहल कंपन्यांची हमी असलेली पॅकेजेस. मुक्काम आणि दुसऱ्या कोर्सची फेरी गळ्यात मारतात, किंमत कितीतरी पट होते. पण वेळ नक्की.

नुसत्या फेरीचा दर २०२४ च्या हंगामात ३२० पाऊंड होता. दर आणि नियम दरवर्षी थोडे हलतात, तेव्हा निघण्यापूर्वी ट्रस्टचं संकेतस्थळ बघून घ्या.

---

मुळाकाठची

छान धागा. हँडिकॅपचा पुरावा म्हणून नक्की काय चालतं? पुण्या-मुंबईच्या क्लबचं पत्र पुरतं का?

---

हातचा_एक

पुरतं, पण ते सध्याचं हवं. भारतातही आता जागतिक हँडिकॅप पद्धत लागू आहे. त्यामुळे क्लबच्या प्रणालीतून निघालेला, नाव आणि इंडेक्स (हँडिकॅपचा आकडा) असलेला दाखला घ्या. छापील प्रत सोबत ठेवा. फोनची बॅटरी थंडीत आणि पावसात कधी दगा देईल सांगता येत नाही. ओल्ड कोर्सवर कमाल मर्यादा ३६. सोडतीत सगळ्यांचे हँडिकॅप भरावे लागतात आणि पहिल्या टीवर ते तपासले जाऊ शकतात. ‘अंदाजे अठरा असेल’ असं तिथे चालत नाही.

चौघं जाणार असाल तर एक हिशोब करून ठेवा. चौघांनी एकाच अर्जात नाव दिलं तर सगळे आत किंवा सगळे बाहेर. दोन-दोनचे वेगळे अर्ज केले तर निदान एका जोडीचा नंबर लागायची शक्यता वाढते, पण मग एक जोडी खेळणार आणि दुसरी कुंपणाबाहेर उभी राहून बघणार. मैत्री टिकवायची की शक्यता वाढवायची हे निघण्यापूर्वी ठरवा.

आणि गावात किमान चार-पाच दिवस राहा. रोज नाव देता येतं. दोन दिवसांच्या धावत्या भेटीत सोडतीच्या भरवशावर जाणं म्हणजे शुद्ध जुगार.

---

वाळूतला_खडा

कोर्स कसा खेळतो त्याबद्दल लिहितो, कारण आपल्याकडून जाणाऱ्यांचं खरं पानिपत तिथे होतं.

आपल्या कोर्सवर बहुतेक हरळीच्या जातीचं गवत. चेंडू त्यावर जरा उचलून बसतो, खाली माती, पावसाळ्यात तर चेंडू पडला तिथेच रुततो. म्हणून आपण सगळे उंच फटके शिकतो: उडवायचा, टाकायचा, थांबवायचा. लिंक्सची जमीन म्हणजे समुद्राने मागे सोडलेली वाळू. वर फेस्क्यू आणि बेंट जातीचं बारीक पात्याचं गवत, खत जेमतेम, पाणी झटकन खाली जातं. पाऊस थांबून अर्धा तास झाला तरी जमीन टणक. चेंडू पडल्यावर वीस-तीस यार्ड सहज पळतो, वारा पाठीशी असेल तर त्याहून जास्त.

म्हणून:

ग्रीनवर (भोकाभोवतीच्या आखूड गवतावर) थेट टाकू नका, आधी टाका आणि पळू द्या. १४० यार्डांचा फटका म्हणजे १२० चा उड्डाणाचा आणि उरलेला जमिनीचा, असा विचार करा.

वेजचा (जवळच्या उंच फटक्याच्या काठीचा) बाउन्स (तळाचा कोन) कमी हवा, ४ ते ८ अंशांच्या आसपास. आपल्या मऊ जमिनीसाठी घेतलेला १२-१४ अंशांचा वेज इथे टणक जमिनीवर आपटून उसळतो, पातं चेंडूच्या पोटात बसतं आणि चेंडू ग्रीनच्या पार पलीकडे.

समोरून वारा असेल तर जोरात मारू नका. जोर लावला की चेंडूला उलटी फिरकी जास्त बसते, तो वर चढतो आणि वारा त्याला तिथेच थोपवतो. दोन क्लब मोठा घ्या (म्हणजे दोन नंबर जास्त लांब मारणारी काठी), दांडा इंचभर खाली धरा, चेंडू नेहमीपेक्षा मागे ठेवा, शेवट आखूड. ताशी दहा मैल वाऱ्याला साधारण एक क्लब हा ढोबळ हिशोब समोरच्या वाऱ्याला लागू. पाठच्या वाऱ्यात तेवढा फायदा मिळत नाही.

ग्रीनबाहेर पंधरा-वीस यार्डांवर असाल तर पटर (चेंडू जमिनीवरून ढकलायची काठी). तिथले कॅडी (बॅग उचलून सल्ला देणारे सोबती) हेच सांगतात.

---

बोगीबहाद्दर

पटरबद्दल थोडा असहमत. मध्ये मोठा उंचवटा आणि लगेच पलीकडे भोक असेल तर पटरने अंतर सांभाळणं फार कठीण. तिथे ७ किंवा ८ नंबरच्या आयर्नने बुटका धावता फटका जास्त खात्रीचा. पहिले दोन-तीन यार्ड हवेतून जातो, म्हणजे ग्रीनच्या कडेचं वाढलेलं गवत ओलांडतो. वाऱ्याविरुद्ध ओलं गवत असेल तर पटरचा चेंडू हमखास तोकडा पडतो.

---

वाळूतला_खडा

@बोगीबहाद्दर, ओल्या गवताचं मान्य. उंचवट्याचं नाही. त्या उंचवट्यावर आयर्नचा पहिला टप्पा चढावर पडला तर चेंडू मरतो, उतारावर पडला तर सुटतो. पटरची चूक सहा फुटांची, आयर्नची वीस फुटांची.

---

खारावारा

दोघंही बरोबर आहात, पुढे चला. :)

कोर्सची रचना समजली की अर्धे फटके वाचतात. जायची नऊ होल आणि यायची नऊ होल एकमेकांना चिकटून, एका अरुंद पट्ट्यात. जाताना उजवीकडे काटेरी गोर्सची झुडपं, येताना उजवीकडे कुंपण, भिंत, रस्ता, म्हणजे आऊट ऑफ बाउंड्स (हद्दीबाहेर). दोन्ही वेळा डावीकडे मात्र शेजारच्या होलचा फेअरवे (टी ते ग्रीनमधला कापलेल्या गवताचा पट्टा). थोडक्यात, शंका आली की डावीकडे. उजव्या हाताने खेळणाऱ्या ज्यांचा चेंडू उजवीकडे वळून जातो, त्यांनी पहिल्या होलपासून हे डोक्यात ठेवावं.

फक्त १, ९, १७ आणि १८ ला स्वतंत्र ग्रीन. बाकी सात जोडग्रीन आणि प्रत्येक जोडीची बेरीज १८: २-१६, ३-१५, ४-१४, ५-१३, ६-१२, ७-११, ८-१०. जायच्या होलांचे झेंडे पांढरे, यायच्यांचे लाल. फटका मारण्यापूर्वी झेंड्याचा रंग बघा, नाहीतर शंभर फुटांचा पट (पटरचा फटका) नशिबी येतो. चेंडू चुकून जोडग्रीनच्या दुसऱ्या टोकाला गेला तर तिथून वेज मारून हिरवळ खणू नका, पटच मारा.

सातवं आणि अकरावं होल एकमेकांना चक्क छेदतात. तिथे थांबा, हात करून विचारा, मग मारा.

---

टीपकागद

काही होलांवर टिपा, सगळ्यांवर नाही. सगळी लक्षात ठेवायला गेलात तर खेळणार कधी?

पहिलं: फेअरवे अठराव्याशी सामाईक, अवाढव्य रुंद. तरी लोक घाबरतात कारण मागे बघे असतात. ग्रीनच्या अगदी पुढ्यात स्विल्कन ओढा. टीवर ड्रायव्हरची (सगळ्यात लांब मारणाऱ्या काठीची) गरज नाही. दुसऱ्या फटक्याला हमखास एक क्लब जास्त. ग्रीनच्या मागे गेलं तर काही बिघडत नाही, पुढे तोकडं पडलं की पाण्यात.

अकरावं: पार ३ (म्हणजे तीन फटक्यांत पुरं करणं अपेक्षित). ग्रीन मागून पुढे जोरदार उतरती, पुढे उजवीकडे स्ट्रॅथ बंकर (वाळूचा खड्डा), डावीकडे हिल बंकर. १९२१ च्या ओपन या मोठ्या स्पर्धेत दिग्गज बॉबी जोन्सने याच होलवर फेरी सोडून दिली होती. झेंडा कुठेही असो, ग्रीनच्या पुढच्या भागावर आणून चढाचा पट मारा. मागे गेलात की उतारावरचा पट थांबतच नाही.

बारावं: टीवरून फेअरवे रिकामा दिसतो आणि तीच फसगत. मधोमध बंकर आहेत, फक्त त्यांची तोंडं पलीकडे आहेत. कारण हा कोर्स पूर्वी उलट दिशेनेही खेळला जायचा. त्या दिशेने येणाऱ्याला ते लख्ख दिसत. यार्डेज पुस्तक (होलांचे नकाशे आणि अंतरं असलेलं) घेतल्याशिवाय इथे टीवर उभं राहू नका.

चौदावं: पार ५. उजवीकडे भिंत, पलीकडे आऊट. दुसऱ्या फटक्याच्या वाटेत हेल बंकर, उंचीने माणूस झाकेल असा. १९९५ साली जॅक निक्लॉसला त्यातून बाहेर यायला चार फटके लागले आणि होलवर १० झाले. दुसरा फटका डावीकडे पाचव्याच्या फेअरवेवर टाका. लांब पडतं पण सुरक्षित.

सतरावं, रोड होल: टीवरून हॉटेलच्या आवारातल्या हिरव्या शेडच्या कोपऱ्यावरून मारायचं. पूर्वी तिथे रेल्वेच्या शेड होत्या. शेडवर हॉटेलचं नाव आहे, कॅडी तुमच्या चेंडूचं वळण बघून नेमकं कुठल्या अक्षरावर धरायचं ते सांगतो. ग्रीन तिरकी आणि चिंचोळी, पुढे डावीकडे रोड बंकर, मागे रस्ता आणि भिंत. रस्ता हा कोर्सचाच भाग आहे, चेंडू डांबरावर पडला तर तसाच मारायचा, फुकटची सवलत नाही. शहाणपण यात की दुसरा फटका ग्रीनच्या पुढे उजवीकडे ठेवायचा, तिथून पटर, आणि ५ घेऊन पुढे. १९७८ मध्ये त्सुनेयुकी नाकाजिमा ग्रीनवर होता, पट बंकरमध्ये घरंगळला आणि होलवर ९ झाले.

अठरावं: ग्रीनच्या पुढे डावीकडे व्हॅली ऑफ सिन नावाचा खोलगट भाग. झेंडा पुढे असेल तरी त्याच्या मागे टाका.

---

मुळाकाठची

बंकरमध्ये गेलंच तर?

---

टीपकागद

ओल्ड कोर्सवर ११२ बंकर आहेत, तेव्हा जाणारच. टायगर वुड्सने २००० साली चार फेऱ्यांत एकदाही बंकरला हात लावला नाही, पण तो अपवाद.

या बंकरांची पुढची भिंत हिरवळीचे कापलेले तुकडे एकावर एक रचून बांधतात, जवळजवळ उभी. वाऱ्यापावसाने ती ढासळत असते, म्हणून दर काही वर्षांनी हिवाळ्यात पुन्हा रचावी लागते. त्यामुळे नियम साधा: चेंडू भिंतीपासून दोन-तीन फुटांत असेल तर झेंड्याकडे बघूच नका. आडवा किंवा मागे काढा. पवित्रा घेता येत नसेल तर न खेळता येण्याजोगा जाहीर करा. एका दंडात बंकरच्या आतच टाकता येतो. २०१९ च्या नियमांपासून दोन दंडात बंकरबाहेर, झेंड्याच्या सरळ रेषेत मागे टाकायची सोय झाली. तीनदा भिंतीवर आपटण्यापेक्षा हे स्वस्त. बाहेर येताना कमी उंचीच्या बाजूने या, भिंतीवर पाय देऊन चढू नका, आणि वाळू ओढून ठेवा.

---

गवतफुला

घरात एक गोल्फर आणि तीन बिनगोल्फर असतील तर बाकीच्यांनी काय करायचं?

---

हातचा_एक

@गवतफुला, उलट बिनगोल्फरांचीच चंगळ. रविवार गाठा. त्या दिवशी ओल्ड कोर्स बंद, सगळं गाव कुत्री आणि मुलं घेऊन फेअरवेवर फिरतं. मोठ्या स्पर्धांच्या वेळचे अपवाद सोडून. स्विल्कन पुलावर फोटो काढायचा असेल तर तेव्हाच, खेळाडूंना अडवून नाही. ग्रीनवर आणि बंकरमध्ये मात्र पाऊल नको. २०२३ मध्ये पुलाच्या पायथ्याशी गोल फरसबंदी केली होती. टीकेची इतकी झोड उठली की काही दिवसांत ती उखडली.

मुलांना हिमालयाजमध्ये न्या. नाव हिमालय, उंची गुडघाभर. लेडीज पटिंग क्लबचं हे उंचसखल मैदान, क्लब १८६७ चा, ठरावीक वेळा सगळ्यांसाठी खुलं, थोडक्या पाऊंडात, पटर तिथेच मिळतो. शेजारी वेस्ट सँड्सचा किनारा. आर अँड ए च्या इमारतीसमोर गोल्फचं संग्रहालय. कॅथेड्रलच्या भग्नावशेषांत टॉम मॉरिस या जुन्या नामवंत गोल्फर पिता-पुत्रांच्या कबरी. मुलगा १८७५ च्या नाताळच्या दिवशी चोविसाव्या वर्षी गेला, बाप १९०८ पर्यंत जगला.

आणि अठराव्या ग्रीनच्या मागच्या कुंपणाशी कोणीही, कधीही, फुकट उभं राहू शकतं. ग्रॅनी क्लार्क्स वाइंड नावाचा रस्ता पहिल्या आणि अठराव्याच्या फेअरवेवरून आडवा जातो, त्यावरून जाताना दोन्ही टींकडे बघून मगच ओलांडा.

---

बखरवाचक

थोडं अवांतर. १५५२ च्या ज्या सनदेत गावकऱ्यांचा या जमिनीवर गोल्फ खेळायचा हक्क नोंदला गेला, ती मुळात सशांसाठी होती. आर्चबिशप हॅमिल्टनला लिंक्सवर ससे पाळायचे होते, गावाने संमती दिली आणि बदल्यात खेळायचा हक्क लिहून घेतला. पुढे १७९७ मध्ये कर्जबाजारी नगरपालिकेने जमीन हातची घालवली, ती ससे पाळणाऱ्या व्यापाऱ्यांकडे गेली. बिळांनी कोर्सची चाळण झाली, गोल्फर आणि ससेवाले वर्षानुवर्षं भांडले. १८२१ साली शेजारच्या स्ट्रॅथटायरम इस्टेटीच्या जेम्स चीपने जमीन विकत घेतली तेव्हा तंटा मिटला.

१८ होलांचा आकडाही इथलाच. १७६४ मध्ये २२ ची १८ केली. त्यामागे कुठलंही गूढ नाही. सुरुवातीची चार छोटी होल जोडून दोन केली, आणि तीच जाता-येता खेळायची असल्याने एकदम चार कमी झाली.

---

वाळूतला_खडा

@बखरवाचक, अवांतर कसलं, हेच तर मूळ. गावाचा हक्क आहे म्हणूनच काही वेळा स्थानिकांसाठी राखीव असतात आणि रविवारी कोर्स बंद असतो. त्यावर कुरकुर करणाऱ्या पर्यटकांनी हे वाचावं.

कपड्यांचं राहिलं. जूनमध्येही दुपारी १६-१७ अंश म्हणजे चांगला दिवस. छत्री विसरा, वाऱ्यात उलटी होते. जलरोधक जाकीट आणि पँट दोन्ही, ओल्यात पकड देणारे हातमोजे दोन्ही हातांसाठी, आणि एकावर एक पातळ थर. मे-जूनमध्ये उबदार हवा थंड उत्तर समुद्रावरून आली की हार नावाचं धुकं किनाऱ्यावर चढतं. गावात ऊन आणि कोर्सवर पन्नास पावलांपलीकडचं दिसत नाही, असं होतं. वाऱ्याचं म्हणाल तर २०१५ च्या ओपनमध्ये शनिवारी खेळ दहा तासांहून जास्त थांबला होता, कारण ग्रीनवर ठेवलेला चेंडू आपोआप सरकत होता. इथल्या ग्रीन फार वेगवान करत नाहीत त्यामागे हेच कारण.

---

बोगीबहाद्दर

कॅडी घ्यावा का? खर्च फेरीच्या दराशिवाय वेगळा, वर बक्षिसी.

---

टीपकागद

या एकाच कोर्सवर घ्या, बाकी कुठे नाही घेतला तरी चालेल. निम्मे फटके आंधळे (लक्ष्य न दिसणारे) आहेत. आधी मागणी नोंदवा आणि रोख पैसे जवळ ठेवा. पहिल्याच टीवर स्वतःचं खरं अंतर सांगा, २०१० सालातलं नव्हे. परवडत नसेल तर यार्डेज पुस्तक आणि एक नियम: लक्ष्य म्हणून दूरचा एखादा मनोरा किंवा कळस धरा, फेअरवे नाही.

बग्गी वैद्यकीय कारणाशिवाय मिळत नाही, चालायचंच आहे. फेरी चार तासांच्या आत संपवायची अपेक्षा असते आणि मार्शल ते बघतात. चेंडू शोधायला नियमाप्रमाणे तीन मिनिटं. गोर्समध्ये गेला असेल तर तेवढीही घालवू नका.

---

मुळाकाठची

शेवटचा प्रश्न. पोचायचं कसं, आणि सोडतीत नंबर लागलाच नाही तर?

---

खारावारा

एडिंबरो विमानतळ. गावाला रेल्वे नाही, १९६९ मध्ये बंद झाली. एडिंबरोहून जवळच्या ल्युकर्स स्टेशनपर्यंत रेल्वेगाडी, साधारण तासभर, तिथून ९९ नंबरची बस. गोल्फ बॅग विमानात देताना ड्रायव्हरचं डोकं काढून वेगळं गुंडाळा किंवा बॅगेत सगळ्यात लांब क्लबपेक्षा उंच आधारदांडा घाला. किट भाड्यानेही मिळतं, मग चामडी हातमोजा आणि बूट तेवढे न्या.

नंबर नाही लागला तर शेजारचा न्यू कोर्स. नावावर जाऊ नका, १८९५ चा आहे. जमीन तीच, वारा तोच, दर बराच कमी आणि वेळ मिळणं सोपं. ज्युबिली कोर्सही चांगला, पण कठीण. गावाबाहेर जायची तयारी असेल तर क्रेल, तिथली गोल्फ सोसायटी १७८६ ची. किंवा एली; पहिल्या होलवर समोर टेकाड असल्याने पलीकडे कोणी आहे का ते बघायला स्टार्टरच्या खोपटात पाणबुडीचा पेरिस्कोप बसवलाय.

हिवाळ्यात गेलात तर दर कमी आणि नंबर लागायची शक्यता जास्त. पण दिवस जेमतेम सात तासांचा, आणि फेअरवेवर चेंडू छोट्या चटईवर ठेवून मारावा लागतो, कारण थंडीत गवत वाढत नाही आणि उखडलेला तुकडा भरून येत नाही. चटई तिथेच देतात. ती नको असेल तर चेंडू उचलून रफमध्ये (बाजूच्या वाढलेल्या गवतात) ठेवून मारायची परवानगी असते का, हे त्या दिवशी स्टार्टरला विचारून घ्या.